पोटातलं ओठावर येईपर्यंत

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, आम्ही कोल्हापुरात कसबा बावड्यात राहतो. मुलगा दहा वर्षांचा. चौथीपर्यंत घराजवळच्या शाळेत होता, जूनपासून शहरातल्या हायस्कूलमध्ये पाचवीला घातलाय. तेव्हापासून सकाळी पोट दुखतं म्हणतो. बेंबीवर हात धरून बसतो, डोळ्यांत पाणी येतं. सात वाजता रिक्षावाले काका हॉर्न वाजवतात आणि हा संडासात जाऊन बसतो. महिन्यात आठ-दहा दिवस शाळा बुडते. संध्याकाळी मात्र गल्लीत फुटबॉल खेळतो, रविवारी तर काहीच नसतं. जंताचं औषध झालं, ओवा-हिंग झालं, सासूबाईंनी बेंबी सरकली म्हणून चोळून घेतली, जोतिबाला जाऊन आलो. रक्त, लघवी, संडास सगळं नॉर्मल. सोनोग्राफीत आतड्याजवळ छोट्या गाठी आल्या, तेव्हापासून माझी झोप उडालीय. आमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात, गाठींचं काही नाही, एकदा सायकॉलॉजिस्टना दाखवा. त्यावरून घरात वादळ झालं. सासूबाई म्हणाल्या, 'आमच्या पोराला काय येड लागलंय व्हय?' मिस्टर म्हणतात नाटकं आहेत, दोन ठेवून दिल्या की थांबेल. पोटाच्या डॉक्टरांनी मनाचं कशाला काढलं? त्यांना कळलं नाही म्हणून हात झटकले का? आणि जायचंच तर कुणाकडे?"

ताई, आधी तुमच्या मिस्टरांच्या बोलण्यापाशी थांबते, कारण त्या बोलण्यावरून उद्या सकाळी पोराला मार बसू शकतो. तो नाटक करत नाहीये. त्याला दुखतंय. संध्याकाळी फुटबॉल खेळला म्हणून सकाळचं दुखणं खोटं ठरत नाही. आपलंही डोकं कामावर ठणकतं आणि घरी आलं की उतरतं, तेव्हा आपल्याला कुणी खोटारडं म्हणत नाही.

आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं मोठं जाळं असतं. व्हेगस नावाच्या नसेतून त्या जाळ्याचे आणि मेंदूचे निरोप दिवसभर इकडून तिकडे जात असतात. काळजी लागली की आतड्याची हालचाल बदलते, पेटके येतात. काही मुलांचं हे जाळं हळवं होऊन बसतं, कधी कधी तर साध्या जुलाबाच्या आजारानंतरही. मग इतरांना जाणवणारसुद्धा नाही एवढ्या गॅसच्या ताणानं त्यांना कळ येते. ही कळ सोनोग्राफीत दिसत नाही, कारण तिथं अवयवाचा आकार दिसतो, हळवेपणा दिसत नाही.

आपल्या बोलण्यात हे सगळं कधीपासून आहे. परीक्षेच्या नावानं पोटात गोळा येतो. रात्री-अपरात्री फोन वाजला की पोटात धस्स होतं. मूल घरी यायला उशीर झाला की पोटात कालवाकालव होते. सासूबाई हे शब्द रोज वापरत असतील, आणि त्यात कुणाला वेड लागलेलं नसतं.

हे दुखणं तुमच्याच घरात आलंय असंही नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅपली यांनी १९५८ साली हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, आणि रोजच्या खेळण्या-शिकण्यात खंड पडेल इतकं पोट दुखणारी मुलं त्यांना साधारण दहात एक सापडली. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी शरीरातल्या विकाराची शंका जास्त, हे त्यांचं निरीक्षण आजही डॉक्टर लक्षात ठेवतात. तुमचा मुलगा हात बेंबीवरच ठेवतो.

आता त्या गाठी. त्या लिम्फ नोड आहेत. घशात जसे टॉन्सिल, तशा आतड्याजवळ या. निरोगी मुलांच्या सोनोग्राफीतही त्या दिसतात, सर्दी-ताप किंवा जुलाब झाले की थोड्या वाढतात आणि नंतर आपोआप बसतात. रिपोर्टवर त्यांचं नाव इंग्रजीत असतं. घरी येईपर्यंत त्याची गाठ होते आणि शेजारी पोचेपर्यंत टीबी. तुमच्या डॉक्टरांनी मुलाला तपासून, वजन-उंची बघून 'काही नाही' म्हटलंय, तर त्यावर विश्वास ठेवा आणि दर महिन्याला नवी सोनोग्राफी करू नका. प्रत्येक तपासणीबरोबर मुलाला एकच निरोप मिळतो, की माझ्या पोटात काहीतरी भयंकर आहे आणि ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

पण काही गोष्टी दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. दुखण्यानं रात्री झोपेतून जाग आली, वजन उतरायला लागलं किंवा उंची थांबली, संडासात रक्त दिसलं, हिरवी उलटी झाली, पुन्हा पुन्हा ताप आला, किंवा दुखणं बेंबी सोडून उजवीकडे खाली जाऊन बसलं, तर लगेच डॉक्टर गाठा. सायकॉलॉजिस्टकडे जाणं चालू असलं तरीसुद्धा.

तुमच्या डॉक्टरांनी हात झटकले असं मला वाटत नाही. उलट त्यांनी वेळेत एक दार दाखवलं. माझी तक्रार आहे ती क्रमाविषयी, आणि ती एकट्या तुमच्या डॉक्टरांविषयी नाही. आपल्याकडे रीत अशी पडलीय की आधी सगळ्या तपासण्या करायच्या, सगळं नॉर्मल आलं की मग म्हणायचं, आता मनाचं बघा. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की शरीरात काही सापडलं नाही म्हणजे पोरगं खोटं बोलतंय किंवा वेडं आहे. तुमच्या घरात वादळ झालं ते यामुळेच. पहिल्याच भेटीत डॉक्टर म्हणाले असते, "मी पोट तपासतो, रक्त बघतो, आणि त्याच वेळी शाळेचं, झोपेचं, घरचंही विचारतो, कारण पोट या सगळ्यांचं ऐकतं," तर सासूबाई कदाचित एवढ्या दुखावल्याही नसत्या.

मी हे इतक्या ठामपणे लिहिते, कारण दोन्ही रीती मी पाहिल्या आहेत. आधी मुलांच्या मनाच्या तक्रारींसाठी माझं स्वतंत्र केंद्र होतं. तिथं मुलं यायची ती सगळ्यात शेवटी, जाड फाईल घेऊन, आई-वडील मान खाली घालून. आता काही वर्षं मी इथल्याच एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बसते. त्याच बाकड्यावर लशीची बाळं, त्याच बाकड्यावर माझी मुलं. कोण कशासाठी आलंय हे कुणाला कळत नाही, आणि कळलं तरी कुणाला काही वाटत नाही.

एक मुलगी सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. आठ वर्षांची, पोटदुखी चार महिन्यांची. डॉक्टरबाईंनी पोट तपासलं तर डाव्या बाजूला खाली बोटांना कडक मळ लागला. बद्धकोष्ठ. औषध लिहायला त्यांनी पेन उचललं. मी बाजूच्या स्टुलावर होते. मुलगी शाळेतून थेट आलेली, साडेपाच वाजून गेलेले, आणि दप्तराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली. "संपवून परत भरलीस काय गं?" मी विचारलं. ती आईकडे बघायला लागली. मग बाटलीचं झाकण उघडत, लावत, परत उघडत म्हणाली, "पाणी प्यालं की जायला लागतं."

तिच्या शाळेत मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नव्हती. पोरं बाहेरून दार ढकलायची. म्हणून सकाळी सातपासून पाणी नाही, लघवी नाही, संडास नाही. धरून ठेवलेला मळ कडक व्हायचा, जाताना दुखायचा, आणि दुखतं म्हणून ती आणखी धरायची. डॉक्टरबाई एकट्या असत्या तर औषध मिळालं असतं आणि दार तसंच राहिलं असतं. मी एकटी असते तर भीतीवर बोलत बसले असते आणि आतला खडा तसाच राहिला असता. मळ मऊ करणारं औषध काही महिने चाललं. रोज जेवणानंतर दहा मिनिटं संडासला बसायची सवय लावली. शाळेला डॉक्टरांच्या लेटरहेडवर चार ओळींची चिठ्ठी गेली. कडी बसली. दुखणं पूर्ण थांबायला तरीही साडेतीन महिने लागले.

(तुमचा मुलगा हॉर्न वाजला की संडासात जातो असं तुम्ही लिहिलंय. शाळेत तो जातो का, हे एकदा विचारा. आणि डॉक्टरांना त्याच्या पोटात मळ साठलाय का तेही बघायला सांगा.)

बालरोगतज्ज्ञांनी मनाचं बघणं हे काही नवं खूळ नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर यांनी १९३० साली मुलांच्या विभागातच मानसोपचाराची सेवा सुरू केली. आपल्या सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत एकदा पथक येऊन मुलं तपासतं ते त्यातलंच. त्यात जन्मजात व्यंग, कमतरता आणि आजार यांच्या जोडीनं विकासातली दिरंगाईही बघायची असते, आणि त्यासाठीच्या जिल्हा केंद्रांच्या रचनेत बालरोगतज्ज्ञांबरोबर मानसशास्त्रज्ञही धरलेला आहे. म्हणजे दोघांनी एका छपराखाली बसायचं, हे कागदावर केव्हाच मान्य झालंय.

प्रत्यक्षात ते जमेल तर बालरोगतज्ज्ञांच्याच दारात, असं मला मनापासून वाटतं. बाळ जन्मलं की लगेच लस, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, नवव्या महिन्यात, दीड वर्षाच्या सुमारास, पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी. एवढ्या वेळा आणि एवढ्या सहजपणे मूल दुसऱ्या कुठल्याही जाणत्या माणसासमोर येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. मुलांचे खास मानसोपचारतज्ज्ञ मोजके, तेही मोठ्या शहरांत. बालरोगतज्ज्ञ मात्र आपल्या पेठेपेठेत आहेत, आणि त्यांच्याकडे जाताना कुणी तोंड लपवत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यांना वेळ कुठाय? पावसाळ्यात बाहेर साठ-सत्तर नंबर लागलेले असतात, हे मी बघते. म्हणून साध्या नंबराला जाऊन हे काढू नका. रिसेप्शनला सांगा की वीस मिनिटं बोलायचंय, गर्दी नसेल ती वेळ द्या, वेगळी फी असेल तर देतो. जाताना अर्ध्या पानावर लिहून न्या: कोणत्या दिवशी दुखलं, किती वाजता, आदल्या रात्री काय झालं होतं, त्या दिवशी शाळेत कोणता तास होता, दुखणं कशानं थांबलं. दोन आठवड्यांचं एवढं टिपण नुसत्या आठवणीपेक्षा कितीतरी जास्त सांगतं. डॉक्टरांकडे एखादी प्रश्नावली असेल तर ती बाहेर बसल्या बसल्या भरता येते. पिडियाट्रिक सिम्प्टम चेकलिस्टची छोटी आवृत्ती सतरा प्रश्नांची आहे, रॉबर्ट गुडमन यांची दुसरी एक पंचवीस विधानांची आहे. त्यातून निदान होत नाही, कुठं जास्त विचारायला हवं एवढं कळतं.

आणि डॉक्टरांकडे हट्टानं एक गोष्ट मागा. सायकॉलॉजिस्टच्या नावानं चिठ्ठी, आणि महिन्याभरानं त्याच डॉक्टरांकडे पुन्हा तपासणीची तारीख. चिठ्ठीत पोटाचं काय काय बघून झालं ते असावं, म्हणजे पुढचा माणूस निर्धास्तपणे काम करेल. तारीख असावी, म्हणजे आपल्याला इथून काढून तिकडे लावून दिलं असं तुम्हाला आणि मुलाला वाटणार नाही. दोघं एकमेकांशी फोनवर बोलणार आहेत का, हेही विचारा. त्यात संकोच कसला?

कुणाकडे जायचं? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयातलं पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, त्या मुलाशी आणि तुमच्याशी बोलून, शिकवून काम करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. हा प्रश्न विचारल्याचा चांगल्या माणसाला राग येत नाही. बाहेरची फी झेपणार नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा, तिथं बालरोगही आहे आणि मानसोपचारही. घरी बसून बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तुमच्या मुलासारख्या दुखण्यात बहुतेक वेळा औषध लागतच नाही. श्वासाचे, अंग सैल सोडायचे सराव, दुखताना डोक्यात येणाऱ्या विचारांवर काम आणि शाळेत परत जाण्याची पायरी-पायरीची योजना, याचा उपयोग होतो हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

तोपर्यंत घरी काय करायचं, यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण रोजची सकाळ तुमच्याच अंगावर येते.

अमेरिकेत लिन वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना पोट अगदी डब्ब होईपर्यंत पाणी प्यायला दिलं. मग काहींच्या आई-वडिलांना सांगितलं, त्याच्या पोटाकडे लक्ष द्या, विचारपूस करा. काहींना सांगितलं, दुसऱ्या विषयावर बोला. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, दुसरं बोलणं झालेल्यांच्या निम्म्यावर आल्या. गंमत पुढे आहे. आई-वडिलांना वाटत होतं, विषय बदलला तर मुलाला वाईट वाटेल. मुलांना मात्र त्यानंच बरं वाटलं होतं.

म्हणून सकाळी उठल्या उठल्या "आज दुखतंय का रे?" हा प्रश्न बंद. तुम्हीही विचारायचं नाही, आजीनंही नाही. त्यानं आपणहून सांगितलं तर एकदाच, शांतपणे: "दुखतंय ना, मला कळलं. थोड्या वेळानं उतरेल. चल, बूट घाल." पोटाला गरम पिशवी द्या, दोन घास कमी खाल्ले तर चालू द्या, पण रिक्षा चुकवू नका. एखाद्या दिवशी राहिलाच घरी, तर तो दिवस सुट्टीसारखा नको: टीव्ही नाही, मोबाईल नाही, संध्याकाळचा फुटबॉलही नाही. हे शिक्षा म्हणून रागात सांगू नका, घरचा नियम म्हणून सांगा. वर्गशिक्षिकेला आधी भेटून ठरवून ठेवा की फारच दुखलं तर दहा मिनिटं स्टाफरूमबाहेर बसेल, पाणी पिईल आणि वर्गात परत जाईल. घरी फोन करून "न्यायला या" हे शेवटचं. घरी राहिलेला प्रत्येक दिवस दुसऱ्या दिवशीची शाळा आणखी अवघड करतो.

आता जूनबद्दल. जूनमध्येच त्याची शाळा बदलली, मित्र मागे राहिले, रिक्षा नवी आली. कारण तिथंच आहे असं मी म्हणत नाही, पण चौकशी तिथून सुरू करा. समोर बसवून "काय झालं सांग" म्हटलं तर मूल मिटून जातं. त्याला गाडीवर मागे बसवा, रंकाळ्याला एक फेरी मारा. पाठीशी बसलेली पोरं बोलतात, कारण आपले डोळे त्यांच्यावर नसतात. किंवा कागद द्या आणि रिक्षाचं चित्र काढायला सांगा: कोण कुठं बसतं, तू कुठं बसतोस, दार कोणाच्या बाजूला. माझ्याकडे एकानं असं चित्र काढलं आणि स्वतःला काढलंच नाही. विचारलं तर म्हणाला, "मी खाली बसतो. दप्तरांवर."

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहायला हवी. कधी कधी पोटदुखीमागे कुणा मोठ्या माणसाचा किंवा मोठ्या मुलाचा नको तो स्पर्श असतो. मूल एखाद्या ठराविक माणसाजवळ, ठराविक वेळी घाबरत असेल, अंघोळीला किंवा कपडे बदलायला अचानक लाजायला लागलं असेल, तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अशी माहिती पोलिसांना कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही आहे. तसंच, जगायचं नाही असं काही मुलाच्या तोंडून आलं तर दहा वर्षांचं पोर काय बोलतंय म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी दाखवा.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना बरोबर न्या. नातवाच्या पोटावरून मायेनं हात फिरवणारी बाई ती. सायकॉलॉजिस्टना मुलाविषयी पहिल्यांदा खरं काही सांगतात त्या बहुतेक वेळा आज्याच, असा माझा अनुभव आहे. मिस्टरांनाही एका भेटीला यायला सांगा, रजा काढायला लागली तरी.

आणि मुलाला काय सांगून न्यायचं? "तुझ्या डोक्यात बिघाड झालाय का बघायला" असं चुकूनही नको. फिरायला म्हणून फसवूनही नको. साधं सांगा: "आपल्या डॉक्टरांच्या ओळखीच्या एक बाई आहेत. पोट दुखणाऱ्या मुलांना त्या दुखणं कमी करायच्या युक्त्या शिकवतात. डॉक्टरांना सगळं माहीत आहे, त्यांनीच पाठवलंय. आई बरोबर असणार आहे." आणि सुई नाही, हे सगळ्यात आधी सांगा. तो पहिल्यांदा तेच विचारेल.